साखर मोजली, तोल कोण मोजणार?

साखर असलेल्या, म्हणजे मधुमेही बाईचं हाड मोडलं की घरातले फरशीला दोष देतात. नवी फरशी गुळगुळीत होती, न्हाणीत साबणाचं पाणी सांडलं होतं, लाईट गेली होती, मांजर पायात आलं. मी गेली चोवीस वर्षं सांगलीत फिजिओथेरपी करते. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईच्या खाटेशी गेले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'कशा पडलात?' उत्तरात फरशी येते, मांजर येतं, क्वचित सूनही येते. साखर कधीच येत नाही. ती फाइलच्या दुसऱ्या पानावर असते. बारा वर्षांपासून, पंधरा वर्षांपासून, अठरा वर्षांपासून.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकते. मधुमेहाने डोळा जातो, किडनी जाते, पायाची जखम चिघळते, हे आता रानात कामाला जाणाऱ्या बाईलाही ठाऊक आहे. याच यादीत हाड यायला हवं. साखर तपासायला आलेल्या साठीपुढच्या प्रत्येक बाईला 'गेल्या वर्षात पडलात का?' आणि 'पूर्वी कधी हाड मोडलं होतं का?' हे दोन प्रश्न विचारायला हवेत, तिचा तोल बघायला हवा, आणि उत्तर 'हो' आलं तर त्यावर काहीतरी करायला हवं. सरकारी दवाखान्यात करायला हवं आणि खासगीतही. आज आपण हाड मोडेपर्यंत थांबतो. मग पळापळ करतो.

दोन वर्षांपूर्वी कुपवाडच्या एक आजी माझ्याकडे आल्या. उजवा खुबा मोडलेला, आत सळी टाकलेली. त्यांच्या उशाशी एक प्लास्टिकची पिशवी असायची. तीत आधार कार्ड, रेशन कार्ड, साखरेचे रिपोर्ट, आणि सगळ्यात वर एका मोफत शिबिरातला हाडांच्या घनतेचा कागद. टाच यंत्रात ठेवून काढलेला आकडा, हिरव्या पट्ट्यात बसलेला. तो कागद त्यांनी मला तीन वेळा दाखवला. 'म्याडम, हाडं चांगली हायती म्हणून सांगितलं हुतं. मग मोडलं कसं?' मुलाचं म्हणणं, शिबिरवाल्यांनी फसवलं. मला तसं वाटत नाही. कागदावरचा आकडा बहुधा बरोबरच होता. चूक होती ती त्या आकड्यावरून काढलेल्या निष्कर्षात, आणि ही चूक एकट्या शिबिराची नव्हे.

टाइप २, म्हणजे बहुधा मोठेपणी होणारा मधुमेह असलेल्या बायकांमध्ये हाडांची घनता बहुतेक वेळा इतरांइतकीच असते, पुष्कळदा थोडी जास्तच असते. वजन जास्त असतं, वजन पेलणारं हाड दाट होतं. तरीही ही हाडं जास्त मोडतात. हे काही नवं नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या नऊ हजारांहून अधिक बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष २००१ साली आले. मधुमेही बायकांची घनता जास्त, आणि खुबा व खांद्याजवळचं दंडाचं हाड मोडण्याचं प्रमाणही जास्त. त्याच वर्षी आयोवा राज्यातल्या पाळी गेलेल्या बायकांच्या मोठ्या पाहणीत टाइप २ असलेल्यांना खुबा मोडण्याचा धोका १.७ पट निघाला. (लहानपणापासून इन्शुलिनवर असलेल्यांचा, म्हणजे टाइप १ चा, धोका याहून कितीतरी मोठा आहे. तो वेगळा विषय आहे.) २०११ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत दोन बायकांचा टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा आकडा, सारखाच आला, तर त्यातल्या मधुमेही बाईचा धोका, साधारण अर्ध्या अंकाने कमी स्कोअर असलेल्या बिनमधुमेही बाईइतका असतो. म्हणजे एकीचं उणे दोन हे दुसरीच्या उणे अडीचसारखं. आणि उणे अडीच ही तर ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची, जगभर मानलेली रेघ.

असं का होतं हे मी बायकांना काकवीवरून सांगते. आपल्या भागात गुऱ्हाळ बघितलेलं नाही असं माणूस विरळा. सुतळी काकवीत बुडवून उन्हात वाळवली तर ती ताठ होते, हाताला मजबूत लागते. पण वाकवायला गेलं की कटकन तुटते. हाडात चुन्याचा भाग असतो आणि त्या चुन्याला धरून ठेवणारे कोलॅजनचे तंतू असतात. हाड धक्का सोसतं, किंचित वाकतं आणि परत जागेवर येतं ते या तंतूंमुळे. रक्तात वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की ती तंतूंना चिकटते, तंतू एकमेकांना नको तिथे बांधले जातात आणि त्यांची लवचीकता जाते. डेक्साचं यंत्र चुना मोजतं. तंतूंची अवस्था त्याला दिसत नाही.

एचबीए१सी ही तपासणी आता सगळ्यांच्या तोंडी आहे. तीन महिन्यांची साखर म्हणतात तिला. ती मोजते ती हीच चिकटण्याची क्रिया, फक्त रक्ताच्या लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनवरची. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तीन महिने साखर नीट ठेवली की हा रिपोर्ट सुधारतो. हाडाचे तंतू वर्षानुवर्षं तेच असतात. 'औंदा साखर सहावर आली' म्हणून खूश झालेल्या बाईच्या हाडात गेल्या दहा वर्षांची साखर तशीच चिकटलेली असते. त्यात भर म्हणजे मधुमेहात हाडाची डागडुजीही मंदावते. निरोगी शरीर जुनं हाड खरवडून नवं भरत असतं. रोजच्या चालण्याने पडणाऱ्या बारीक भेगा त्यात बुजतात. इथे त्या साचत जातात.

बरं, धोका मोजायची जी पद्धत जगभर वापरतात, तिच्यातही ही बाई निसटते. फ्रॅक्स नावाचं एक गणित आहे, इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाने २००८ साली आणलेलं. वय, वजन, जुनं फ्रॅक्चर, आईवडिलांचा खुबा मोडला होता का, सिगारेट, स्टेरॉइड अशी माहिती भरली की पुढच्या दहा वर्षांतला धोका टक्क्यांत मिळतो. मूळ गणितात ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी चौकट आहे, टाइप २ मधुमेहासाठी स्वतंत्र चौकट नाही. म्हणून जाणकार डॉक्टर काय करतात, तर मधुमेही रुग्णासाठी संधिवाताच्या चौकटीत खूण करतात, म्हणजे आकडा जरा खऱ्याच्या जवळ जातो. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा वाईट वाटलं होतं. अमेरिकेच्या मधुमेह संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हाडांवर सविस्तर लिहिलं आणि मधुमेहात टी-स्कोअर उणे दोनला आला तरी औषधाचा विचार करा असं सांगितलं. २००१ ते २०२४. ज्या बायकांमुळे हे ज्ञान मिळालं त्यातल्या कितीतरी मधल्या काळात पडल्या असतील.

हे झालं हाडाचं. पण हाड आपोआप मोडत नाही, बहुतेक वेळा बाई पडते तेव्हा मोडतं. आणि पडण्याच्या बाबतीत साखर चारी बाजूंनी घेरते.

पायापासून सुरू करू. 'चप्पल वाटेतच निसटली, चार पावलं पुढं गेल्यावर कळलं', हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे की आता ऐकलं की लगेच तळव्याला नायलॉनचा दोरा लावून बघते. मोनोफिलामेंट म्हणतात त्या दोऱ्याला. तो टोचलेला कळत नसेल तर त्या पायाला जमीनही नीट कळत नाही. अशी बाई डोळ्यांच्या भरवशावर चालते. दिवसा निभावतं. रात्री दिवा मालवला की तिचा पाय आणि डोळा दोन्ही गेलेले असतात. आणि साखर वाढली की रात्री लघवीला उठावं लागतं, दोनदा, तीनदा. आमच्याकडे खेड्यात आणि जुन्या वाड्यांत संडास अजून परसात असतो. दार उघडायचं, उंबरा ओलांडायचा, एक पायरी उतरायची, पावसाळा असेल तर शेवाळ आलेल्या दगडावरून जायचं. मुलाची झोप मोडू नये म्हणून दिवा लावायचा नाही. या वाटेवर मोडलेले खुबे मी मोजायचे सोडून दिले आहेत.

दुसरं, साखर उतरणं. हे मला जास्त बोचतं, कारण ते आपल्या श्रद्धेच्या मायेआड लपतं. सांगली गणपतीची. संकष्टीला इथल्या किती आज्या उपवास करतात हे सांगायला नको. सकाळी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतात, कारण डॉक्टरांनी गोळी चुकवायची नाही म्हणून बजावलेलं असतं. दिवसभर चहा आणि एखादं केळं. चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊला. ही गोळी खाल्लेलं-न खाल्लेलं बघत नाही, ती स्वादुपिंडाकडून इन्शुलिन सोडवून घेत राहते. सात-आठच्या सुमाराला अंगाला घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. आजीला वाटतं अशक्तपणा आहे, चंद्र दिसला की जेवू. देवघरातून स्वयंपाकघरात जाताना ती पडते. मी उपवास सोडायला सांगत नाही, सांगणारही नाही. माझी आईही संकष्टी करायची. पण चतुर्थीच्या दिवशी गोळी किती घ्यायची, घ्यायची की नाही, मध्ये काय खायचं, हे आदल्या आठवड्यात विचारण्याची आणि सांगण्याची गोष्ट आहे. कॅलेंडरवर संकष्टी लाल अक्षरात छापलेली असते. डॉक्टरांच्या टेबलावरही तेच कॅलेंडर असतं. श्रावण आणि नवरात्राचं तर बोलायलाच नको.

साठीच्या, सत्तरीच्या बाईची साखर किती खाली ठेवायची हाही प्रश्न यात येतो. चाळिशीतल्या माणसाचं उद्दिष्ट पंचाहत्तरीच्या एकट्या राहणाऱ्या बाईला लावू नये, थोडी सैल ठेवलेली साखर तिला जास्त सुरक्षित असते, असं मधुमेहाच्या मोठ्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. तरी 'सहावर आणा' हा हट्ट चालूच असतो. बऱ्याचदा तो मुलांचा असतो.

गोळ्यांचं आणखी एक. पायोग्लिटाझोन हे औषध आपल्याकडे खूप वापरलं जातं. स्वस्त आहे, साखर उतरवतं, आणि ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन या साखरेच्याच औषधांसोबत एकाच गोळीतही मिळतं, त्यामुळे आपण ते घेतो हे घेणाऱ्याला माहीतही नसतं. हाडाच्या आतल्या मगजात ज्या मूळ पेशी असतात त्यांनी हाड बांधणाऱ्या पेशी व्हायचं की चरबीच्या, यात हे औषध चरबीच्या बाजूला झुकवतं. याच गटातलं रोसिग्लिटाझोन घेणाऱ्या बायकांमध्ये एका मोठ्या चाचणीत ९.३ टक्के जणींची हाडं मोडली. मेटफॉर्मिनवाल्यांत ५.१ टक्के, आणि ग्लायब्युराइड हे साखरेचं आणखी एक औषध घेणाऱ्यांत ३.५. रोसिग्लिटाझोन आपल्याकडे २०१० साली हृदयाच्या कारणाने बंद झालं. पायोग्लिटाझोनवर जून २०१३ मध्ये सरकारने बंदी घातली आणि दीड महिन्यात उठवली. तेव्हा वर्तमानपत्रांत, वैद्यकीय सभांत केवढी चर्चा झाली, ती सगळी मूत्राशयाच्या कर्करोगाची. हाडाचं नाव मला त्यात क्वचितच ऐकू आलं. ते औषध वाईट आहे असा माझा दावा नाही. काहींना ते फार उपयोगी पडतं, आणि वाचणाऱ्या कुणीही स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. पण जिचं मनगट आधीच एकदा मोडलं आहे अशा पासष्टीच्या बाईला ते देण्याआधी पर्याय बघितला जावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

मनगटाबद्दल थांबून सांगायला हवं, कारण माझा सगळा मुद्दा त्या मनगटावर तोललेला आहे.

खुबा पुष्कळदा अचानक मोडत नाही. त्याच्या आधी पाच, सात, दहा वर्षं काहीतरी मोडलेलं असतं. तोल गेला, हात टेकला, मनगट मोडलं. किंवा कंबर भरून आली, महिनाभर दुखली, मग बाई जरा वाकली आणि लुगडं जमिनीला टेकायला लागलं. तो मणका चेपलेला असतो आणि कुणी फोटोही काढलेला नसतो. मनगट घेऊन बाई हाडवैद्याकडे जाते, किंवा प्लास्टर घालून सहा आठवड्यांनी काढते. हात पुन्हा भाकरी थापू लागला की प्रकरण मिटलं. उभ्या उंचीवरून पडून मोडलेलं हाड हा पन्नाशीपुढच्या बाईच्या शरीराने दिलेला निरोप असतो. साखर असेल तर तो दुप्पट गंभीर. हा निरोप घ्यायला कुणी बसलेलंच नाही. प्लास्टर घालणारा हाडाचा डॉक्टर साखर बघत नाही, साखरेचा डॉक्टर मनगट बघत नाही. मिरजेसारख्या गावातही हे होतं, याचं मला जास्त वाईट वाटतं. १८९४ साली वॉनलेस यांनी इथे रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून मिरज हे औषधोपचाराचं गाव आहे, १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, कर्नाटकातून माणसं इथे येतात. ज्ञान एका रस्त्यावर आहे. पण एका डॉक्टरच्या दारातून ते दुसऱ्याच्या दारात जात नाही.

आणि खुबा मोडल्यावर? ऑपरेशन होतं. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, उत्पन्नाची अट नाही. हे मोठं काम आहे. पण डिस्चार्ज कार्डावर काय असतं ते मी रोज वाचते. अँटिबायोटिक, दुखण्याची गोळी, कॅल्शियम, 'टाके काढायला या'. हाड मजबूत करायचं औषध दहातल्या एकदोन कार्डांवर असतं. झोलेड्रॉनिक अॅसिड नावाचं औषध वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं असतं, आणि भारतात ते जेनेरिक मिळतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत ते दिलेल्या रुग्णांमध्ये पुढची फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००७ सालीच दिसलं आहे. त्याआधी किडनी आणि ड जीवनसत्त्व तपासावं लागतं. सगळ्यांना चालत नाही. पण विचारही होत नाही ही माझी तक्रार आहे. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी वर्षभरात साधारण पाचातलं एक माणूस जातं, काही ठिकाणी त्याहून जास्त. जी राहतात त्यातली पुष्कळ पुन्हा एकट्याने न्हाणीत जाऊ शकत नाहीत. त्याचा हिशेब कुठल्या योजनेत धरत नाहीत. तो सुनेच्या अंगावर पडतो, आणि सुनेलाही साखर असते.

यावर माझे डॉक्टर मित्र जे म्हणतात ते मी टाळणार नाही. पहिलं म्हणणं, वेळ नाही. ओपीडीत शंभर रुग्ण, प्रत्येकाला दोन मिनिटं, त्यात साखर, रक्तदाब, किडनी, पाय. देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीतून २०२३ साली पुढे आलं. एवढ्यांचं डेक्सा कोण करणार? बरोबर आहे. म्हणूनच मी यंत्र मागत नाही. मी मागते ती खुर्ची. बाईला खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जायला, वळून परत येऊन बसायला सांगायचं आणि घड्याळ लावायचं. बारा सेकंदांहून जास्त लागले तर तिचा तोल धोक्यात आहे. हे काम डॉक्टरने करायचं नाहीच. रक्त द्यायला रांगेत थांबलेली असते तेव्हा कुणीही शिकलेलं माणूस करू शकतं.

शिवाय निम्मं काम झालेलं आहे, आणि ते वाया जातंय. आशाताई गावोगाव तिशीपुढच्या माणसांचा जो फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी 'उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का' हा प्रश्न आहे. ताई घरी जाऊन तो विचारते, खूण करते. ती खूण साखरेच्या नोंदीशेजारी ठेवून कुणी वाचतं का? जिथे 'साखर आहे' आणि 'तोल जातो' या दोन्हीवर खूण आहे, तेवढ्याच बायका वेगळ्या काढल्या तरी एका उपकेंद्राला वीस-पंचवीस नावं मिळतील. त्यांना आधी बघा. ज्यांचं हाड पूर्वी मोडलं आहे त्यांना डेक्साची वाट न बघता मिरजेला किंवा सिव्हिलला पाठवा. त्यांच्या गोळ्यांचा कागद तपासा, डोळे तपासा.

दुसरं म्हणणं जास्त वजनदार आहे. एक ज्येष्ठ डॉक्टर मला म्हणाले, 'तुम्ही या बायकांना हाडाची भीती घालाल आणि त्या चालायच्या थांबतील. मग काय?' यावर मी बरेच दिवस विचार केला. भीती खरीच वाईट. पडेन म्हणून जी चालत नाही तिच्या मांड्या वाळतात, आणि ती जास्त पडते. घरोघरी हेच होतं: आईला एकदा चक्कर आली की मुलगा प्रेमाने सांगतो, 'तू आता बसून राहायचं, काही करायचं नाही.' ते बसून राहणं तिला खुब्याकडे घेऊन जातं. म्हणून प्रश्न विचारून सोडून देता येणार नाही, सोबत व्यायाम द्यावाच लागेल. चालणं चांगलं, पण नुसत्या चालण्याने तोल सुधारत नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात घरी करायचा एक व्यायामक्रम तयार झाला, पायांच्या ताकदीचा आणि तोलाचा. त्याने वृद्धांचं पडणं साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी होतं. त्यातलं बहुतेक घरच्या दाराच्या चौकटीला धरून करता येतं. टाचा उचला, एका पायावर उभ्या राहा, हात न टेकता खुर्चीतून उठा, एकापुढे एक पाऊल टाकत ओट्याच्या कडेने चाला. जी बाई आयुष्यभर डोक्यावर घागर घेऊन चालली तिला तोल शिकवावा लागत नाही, आठवून द्यावा लागतो.

खाण्याबद्दल थोडंच बोलते, कारण त्यावर सगळेच बोलतात आणि कॅल्शियमच्या गोळ्या विकणारे जास्त बोलतात. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं असं हैदराबादची पोषण संस्था सांगते. आपली शाळूची भाकरी गुणी आहे, साखरेलाही बरी, पण शंभर ग्रॅम ज्वारीत तीस मिलिग्रॅमही कॅल्शियम नसतं. नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. शिराळ्याच्या डोंगराकडच्या माणसांना हे सांगावं लागत नाही, जत-आटपाडीकडे सांगावं लागतं. आणि दूध. हा जिल्हा दुधाचा. पहाटे साडेपाचला म्हशीखाली बसणारी बाई ते दूध किटलीत घालून डेअरीला पाठवते, उरलेलं नातवाला, मग चहाला. तिच्या वाट्याला चहातलं येतं, तेही साखर आहे म्हणून आता अर्धा कप. हे मला बोलूनही दाखवता येत नाही इतकं लागतं. रोज दोन भांडी ताक तिने आधी बाजूला काढून ठेवावं, घरातल्या बाप्यांनी ते काढून ठेवायला लावावं.

गेल्या वर्षी मिरज तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी महिन्यातून दोन मंगळवार जायला लागले. पैसे नाहीत, कुणी सांगितलंही नाही. तिथल्या सिस्टरने व्हरांड्यात एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि तीन मीटरवर गेरूने रेघ मारली. पहिल्या दिवशी बायका पदर तोंडाला लावून हसल्या, शाळेतल्या शर्यती घेताय का म्हणाल्या. मग एकेक उठायला लागली. एक मावशी, वय एकाहत्तर, साखर चौदा वर्षांची. खुर्चीच्या हातांना दोन्ही हातांनी रेटा देऊन उठल्या, रेघेपाशी वळताना भिंत धरली. एकोणीस सेकंद. मी विचारलं, वर्षात पडलात का? नाही म्हणाल्या. शेजारच्या बाईने त्यांच्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, 'दोनदा. एकदा गोठ्यात, एकदा पायरीवर.' मनगट? तेही मोडलं होतं, चार वर्षांपूर्वी, लेप लावला होता. घरी कुणाला सांगितलं का? 'न्हाय. पडल्याचं सांगितलं तर पोरगं रानात जाऊ द्यायचं न्हाय.'

त्यांच्या गोळ्यांचा कागद आम्ही डॉक्टरांना दाखवला, त्यांनी एक गोळी बदलली. डोळ्यांत मोतीबिंदू होता, तो काढला. मुलाला बोलावून सिस्टरने परसात दिवा लावायला सांगितलं आणि आईला रानात जाऊ दे म्हणूनही सांगितलं. मावशी गोठ्याच्या खांबाला धरून रोज दोन वेळा टाचा उचलतात. मागच्या मंगळवारी चौदा सेकंदांवर आल्या. पावसाने गेरूची रेघ पुसत चालली आहे, सिस्टर दर वेळी नव्याने मारते.